वाडा, वारस आणि काळी शाई

१९९३ साली नागझिरा अभयारण्यात राही अनिल बर्वे या शाळकरी वयाच्या मुलाला त्याच्या मित्राने नारायण धारपांची एक भयकथा सांगितली. मुलगा मनापासून घाबरला. नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडायचं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या भीतीतून बर्व्यांनी अठराव्या वर्षी, १९९७ मध्ये, एका चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. २००९-१० मध्ये त्याचा सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘तुंबाड’ प्रदर्शित झाला.

स्टोरीबोर्ड म्हणजे चित्रपटातला प्रत्येक प्रसंग चौकटीचौकटीने काढून ठेवणं. सातशे पानांचा स्टोरीबोर्ड हे एका अर्थाने न छापलेलं चित्रकथेचं पुस्तकच. त्यात काय होतं? पावसाने झोडपलेला एक वाडा, पिढ्यांपूर्वीची एक चोरी, त्या चोरीवर हक्क सांगणारा एक अनौरस मुलगा आणि १९१८ ते १९४७ असा तारीखवार काळ. मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथांमध्ये, ज्याला गॉथिक ऐतिहासिक रहस्यकथा म्हणतात, तिची सगळी सामग्री इथे जमलेली आहे. ‘ब्लॅक बटलर’, ‘शॅडोज हाऊस’, ‘द केस स्टडी ऑफ वॅनिटास’ ही नावं आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलामुलींना आता नवी नाहीत. घरातल्या मोठ्यांना मात्र प्रश्न पडतो, की लंडनमधल्या अंधाऱ्या हवेल्या, काळे कोट, मेणबत्त्या आणि मुडदे यांत या मुलांना एवढं काय सापडतं? या प्रकाराची घडी उलगडून पाहिली, तर उत्तर मिळतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या कथांचा गाभा भूत नाही. गाभा वारसाहक्काचा आहे. हे घर कोणाचं, ते कसं मिळवलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे तीन प्रश्न काढून घेतले तर उरते ती नुसती काळ्या कपड्यांची सजावट.

पहिली गॉथिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ साली आली. तिच्या सुरुवातीलाच आभाळातून एक प्रचंड शिरस्त्राण पडतं आणि लग्नाला निघालेला राजपुत्र त्याखाली चिरडून मरतो. वाचक दचकतो तो या शिरस्त्राणाने. पण कथा पुढे सरकते तेव्हा कळतं, की या घराण्याच्या आजोबाने गढी बळकावलेली होती आणि खरा वारस एका साध्या शेतकरी तरुणाच्या वेषात अंगणातच उभा आहे. भुताटकी सगळी तो हिशेब चुकता करायला आलेली. पुढे अ‍ॅन रॅडक्लिफने ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’मध्ये (१७९४) एक महत्त्वाचा बदल केला. तिच्या कथेत भीतीदायक गोष्टींचा उलगडा शेवटी माणसांच्या करणीतून होतो. इथून गॉथिक कथा आणि रहस्यकथा एकमेकींना जोडल्या गेल्या. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’मधला (१८६८) हिरा तर १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत हाती लागलेला आहे, म्हणजे इंग्रजी घरातल्या रहस्याचं मूळ थेट आपल्या इतिहासात निघतं.

जपानमध्ये ही परंपरा दोन वाटांनी पोचली. एक वाट एदोगावा राम्पो या लेखकाची. एडगर अ‍ॅलन पो हे नाव जपानी उच्चारात बसवून त्याने स्वतःचं टोपणनावच तसं घेतलं. दुसरी वाट सेइशी योकोमिझोची, आणि गोंदियाच्या वाचकाने तिच्याकडे जरा थांबून पाहावं अशी ती आहे. दुसऱ्या महायुद्धात योकोमिझो ओकायामाच्या ग्रामीण भागात जाऊन राहिला. तिथल्या जुन्या जमीनदार घराण्यांवर त्याने ‘होन्जिन’ हत्याकांडाची कथा रचली आणि ती १९४६ मध्ये छापली जाऊ लागली. बंद खोलीत नवरानवरी मृत सापडतात, बाहेर बर्फावर पावलांचा ठसा नाही, असं ते कोडं आहे. पण कोड्याच्या पोटात घराण्याचा अभिमान आहे: वधू दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाच्या वंशातली, वर गावच्या मोठ्या घरातला. त्याच वर्षी जपानमध्ये जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि जमीनदारी मोडायला लागली. घराणी कोसळत असतानाच त्यांच्या माजघरातली गुपितं लोकांना वाचायला मिळत होती. त्याच योकोमिझोच्या ‘इनुगामी घराणे’ या कादंबरीत तर एका मृत्युपत्राच्या वाचनातून खुनांची साखळी सुरू होते.

चित्रकथेत हा सूर आणला तो स्त्री चित्रकारांनी. मोतो हागिओची ‘पो घराणे’ ही मालिका १९७२ मध्ये सुरू झाली. तिच्या दोन मुख्य मुलांची नावं एडगर आणि अ‍ॅलन. ही मुलं रक्तपिपासू आहेत, त्यांचं वय वाढत नाही आणि शतकं त्यांच्या डोळ्यांसमोरून जातात. काओरी युकीने १९९१ पासून ‘काउंट केन’ मालिकेत व्हिक्टोरिया राणीच्या काळातला विषांचा संग्रह करणारा एक तरुण सरदार उभा केला. या पायावर याना तोबोसोने २००६ मध्ये ‘ब्लॅक बटलर’ सुरू केलं आणि या प्रकाराला जगभर वाचक मिळाले.

जपानी चित्रकार इंग्लंडकडेच का वळतात, हा प्रश्न रास्त आहे. परक्या देशात कथा ठेवली की मोकळीक मिळते हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त पटतं. १८६८ नंतर जपानच्या वरच्या वर्गाने युरोपीय घरं, कपडे, जेवणाचे शिष्टाचार हौसेने उचलले. टोकियोत १८८३ मध्ये उभी राहिलेली रोकुमेइकान ही नाचगाण्यांची पाश्चात्त्य इमारत जोसाया कॉन्डर या इंग्रज वास्तुकाराने बांधली. तेव्हा शेपटीचा काळा कोट आणि झुंबरांचं दालन ही जपानच्या स्वतःच्या आजोबांच्या घरातली वस्तू आहे. तिच्याबद्दल ओढ आहे आणि अवघडलेपणही आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यातल्या बेल्जियमच्या आरशासमोर उभं राहिल्यावर जे वाटतं, तेच.

आता या कथांचं यंत्र उघडून पाहू. ‘ब्लॅक बटलर’ घेऊ, कारण त्याचे भाग सुटे करायला सोपे आहेत. सिएल फँटमहाइव्ह हा लहान वयात घराण्याचा प्रमुख झालेला मुलगा. १४ डिसेंबर १८८५ रोजी, त्याच्या वाढदिवशी, त्याचे आईवडील मारले गेले आणि घर जळालं. त्याला पळवून एका पंथाला विकलं गेलं. तिथल्या यातनांत त्याने एका राक्षसाशी करार केला: सूड पूर्ण होईपर्यंत तू माझी चाकरी करायची, मग माझा आत्मा तुझा. तो राक्षस म्हणजे त्याचा बटलर सेबॅस्टियन. घर पुन्हा जसंच्या तसं उभं राहतं आणि सिएल राणीचा गुप्त चौकीदार म्हणून गुन्ह्यांचा छडा लावू लागतो.

या मांडणीत पहिली चावी घराच्या दिनचर्येत आहे. सुरुवातीची प्रकरणं बघा: पडदे सरकवले जातात, चहा कोणता आहे ते सांगितलं जातं, नाश्ता, शिकवणी, पाहुणे, रात्रीचं जेवण. नवख्या वाचकाला हे रेंगाळणं वाटतं. पण रहस्य म्हणजे नेम चुकणं. कोणत्या वेळी कोणतं दार उघडं असतं हे ठाऊक असल्याशिवाय ते बंद दिसल्यावर काळजात धस्स होत नाही. म्हणून लेखिका आधी नेम शिकवते.

दुसरी चावी इतिहासातली फट. १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून झाले आणि ‘जॅक द रिपर’ कोण होता हे कधीच सिद्ध झालं नाही. ‘ब्लॅक बटलर’चं पहिलं मोठं प्रकरण नेमकं इथे शिरतं. जुन मोचिझुकीच्या ‘वॅनिटास’मध्ये एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस आहे आणि कथा मागे जाऊन जेव्होदाँच्या श्वापदाला भिडते, फ्रान्सच्या त्या डोंगराळ मुलखात १७६४ ते १७६७ या काळात एका श्वापदाने माणसं फाडल्याची नोंद इतिहासात खरोखर आहे. चांगला लेखक इतिहास बदलत नाही. नोंदवहीत जिथे कोरी ओळ आहे, तिथे तो आपलं पात्र बसवतो. वाचकाला माहीत असलेली तारीख आणि माहीत नसलेलं कारण, या दोहोंच्या ताणावर कथा उभी राहते.

अर्थात हा नियम दर वेळी पाळला जात नाही. ‘ब्लॅक बटलर’मध्ये सोमा नावाचा बंगालचा राजपुत्र लंडनला येतो आणि राणीसमोर करी बनवण्याची स्पर्धा रंगते. प्रकरण गोड आहे, सोमा पुढे फार जीव लावतो. पण त्या काळचा बंगाल थेट ब्रिटिश अमलाखाली होता, आणि तो राजवाडा, ती पूजा, ते कपडे हे सगळं आपल्या नजरेला उसनं दिसतं. परक्या इतिहासाचा केवळ पेहराव म्हणून वापर केला की असं होतं. भारतीय वाचकाने हे ओळखावं, आणि तरीही पुढे वाचावं.

तिसरी चावी, शोध घेणारा माणूस घराला बांधलेला असतो. शेरलॉक होम्स प्रकरण संपवून बेकर स्ट्रीटला परत जातो. सिएलला परत जायला दुसरं घर नाही. गुन्ह्याचा उलगडा जितका जवळ येतो, तितका त्याचा स्वतःचा अंतही जवळ येतो. आणि मालिकेच्या उत्तरार्धात प्रश्न फिरून कुठे येतो हे न सांगितलेलंच बरं, एवढंच म्हणते की तो खऱ्या वारसाचाच आहे. ओट्रँटोच्या अंगणातला तो शेतकरी तरुण अडीचशे वर्षांनीही दारात उभा आहे.

एवढं सगळं कादंबरीतही करता आलं असतं. मांगाची खरी करामत पानात आहे, आणि ती नीट पाहायची तर एक पान समोर हवं. दुसऱ्याचं पान शब्दांत सांगण्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यातलं एक रचून पाहू. प्रसंग काल्पनिक, काळ मात्र खरा: मार्च १९५१. जुन्या मध्य प्रांतातली मालगुजारी कायद्याने रद्द झाली आहे आणि ३१ मार्चपासून गावांचे मालकी हक्क सरकारकडे जायचे आहेत. अर्जुनी मोरगावकडच्या एखाद्या गावात पटवारी कागद घ्यायला वाड्यावर येतो.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणून उजवं पान पहिलं. वरच्या लांबट चौकटीत वाड्याचा आतला चौक. सोपा, खांब, ओळीने पाच दारं. चार दारांना कुलपं आहेत. संवाद नाही. दुसऱ्या चौकटीत पायरीशी काढून ठेवलेल्या पटवाऱ्याच्या चपला, धुळीने माखलेल्या. तिसरीत आजीच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा, अगदी जवळून, किल्ल्या चार. चौथीत आजीचं बोलणं, पण चेहरा नाही, फक्त डोक्यावरचा पदर: “शेवटच्या कोठीत धान आहे, साहेब. बाकी काही नाही.”

डावं पान. पटवारी लिहितो आहे. नात पाचव्या दाराशी गेली आहे. एका अरुंद उभ्या चौकटीत दाराच्या फळ्यांमधली फट, पुढच्या तेवढ्याच अरुंद चौकटीत तिचा डोळा. मग खाली, अगदी डाव्या कोपऱ्यात, शेवटची लहानशी चौकट: “आजी, या कोठीची कडी आतून लागून आहे.”

इथे पान संपतं. वाचकाला पान उलटावं लागतं. डाव्या पानाचा खालचा कोपरा ही मांगातली सगळ्यात मोलाची जागा आहे. तिथे प्रश्न ठेवायचा आणि उत्तर उलटलेल्या पानावर, जमल्यास पूर्ण पानभर. चित्रपटात वेग दिग्दर्शकाच्या हातात असतो. इथे दचकायचं की थांबायचं हे वाचकाच्या बोटांवर आहे, आणि आपल्याच हाताने दार उघडल्याची भावना त्याला कुठलाही पडदा देऊ शकत नाही. म्हणूनच अशा मालिका मोबाइलवर एकेक पान सरकवत वाचण्यात निम्मी गंमत जाते. समोरासमोरची दोन पानं एकत्र दिसायला हवीत.

आता वाचक मागे जातो. पाच दारं, चार कुलपं, चार किल्ल्या. सगळं पहिल्याच पानावर दिसलं होतं. आपण पाहिलं, पण मोजलं नाही. गद्यात लेखकाला हे लपवायला कसरत करावी लागते, कारण ‘चार कुलपं’ असे शब्द लिहिले की ते डोळ्यात भरतात. चित्रात पुरावा उघड्यावर ठेवता येतो. रहस्यकथेचा जुना नियम आहे, की वाचकाला सगळे धागे मिळाले पाहिजेत. चौकट हा नियम जितक्या प्रामाणिकपणे पाळू शकते, तितका क्वचितच कोणी पाळतं.

आणि त्या कोठीत काय? भूत ठेवलं तर कथा तिथेच संपते. कोठीत एक जिवंत म्हातारा ठेवा, ज्याचं नाव गावाच्या जुन्या कागदात मालगुजाराचा थोरला भाऊ म्हणून आहे आणि जो दुष्काळात मेला असं सगळं गाव मानतं. भीती तीच राहील. पण आता तिला कारण आहे, तारीख आहे आणि पटवारी दारात बसलेला आहे.

पानाबद्दल आणखी एक गोष्ट, शाईची. मांगाची मासिकं प्रामुख्याने काळ्या-पांढऱ्यात छापली जातात. मूळ कारण खर्च आणि वेग हेच असणार. महिन्याला एक प्रकरण द्यायचं तर रंगवत बसायला उसंत नसते. पण गॉथिक कथेला ही अडचण वरदान ठरली. इथे काळा रंग म्हणजे अंधार, शोक, प्रतिष्ठा आणि लपवलेली गोष्ट, सगळं एकदम. करड्या छटांसाठी ठिपक्यांचे तयार कागद चिकटवायची पद्धत होती, आता ते काम संगणकावर होतं. खरं कसब कळतं ते काळा भरीव भाग कुठे संपवायचा यात. ‘सोमातो’ या चित्रकार जोडीच्या ‘शॅडोज हाऊस’मध्ये (२०१८ पासून) हे टोकाला नेलं आहे. त्या हवेलीतले उमराव पूर्ण काळे, चेहरा नसलेले, अंगातून काजळी सोडणारे आहेत. प्रत्येकाला एक जिवंत बाहुली मिळते. तिने मालकाचा चेहरा व्हायचं आणि घरभर पडलेली काजळी पुसायची. चित्रकाराकडे मालकाचा राग दाखवायला डोळे नाहीत, ओठ नाहीत. राग दिसतो तो काजळीच्या लोटात आणि बाहुलीच्या चेहऱ्यावर. चाकरी म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं चित्र मी पाहिलेलं नाही. दोन मुली, एकीला चेहरा नाही आणि दुसरीला स्वतःचं आयुष्य नाही, हळूहळू विचारू लागतात की या घराचा मालक नक्की कोण. प्रश्न पुन्हा तोच.

मराठीला हा सूर परका नाही. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची. अद्भुत योगायोग, दुष्ट कारस्थानी आणि संकटात सापडलेली नायिका यांनी भरलेली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये येऊ लागली आणि मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ओळखली गेली. तिच्या नावातच गड आहे. लंडनच्या अंधाऱ्या गल्ल्यांची रहस्यं लिहिणारा रेनॉल्ड्स आपल्याकडे इतका वाचला जायचा, की हरी नारायण आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) त्याच्याच आधाराने उभी राहिली. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि नारायण धारपांनी (१९२५–२००८) मराठी भयकथेला घराचा उंबरठा दिला. पण इतिहास, रहस्य आणि भय या तिघांना एका वाड्यात आणणारं काम मराठीत विरळाच राहिलं. ऐतिहासिक कादंबरीने आपल्याकडे छत्रपतींचा आणि पेशव्यांचा दरबार धरला. गावच्या वाड्यातला इतिहास ग्रामीण कथेकडे गेला. भय वेगळ्या कपाटात राहिलं. ‘तुंबाड’ने ही कपाटं एकत्र उघडली, म्हणून तो इतका नवा वाटला. त्याचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेलं, म्हातारीचा भाग धारपांच्या ‘आजी’ कथेतून. शेवटी स्वातंत्र्यानंतर तो वाडा सरकारजमा व्हायची वेळ येते, आणि नायकाची घाई, हाव, सगळं त्या तारखेने पेटतं. मालकी संपायची तारीख हा इतका जोरकस कथाबिंदू आहे.

गोंदिया जिल्ह्याला ही तारीख चांगली माहीत आहे. इथली गावं मालगुजारीची होती. इंग्रजांनी १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाचे मालकी हक्क दिले आणि १९५१ मध्ये ते गेले. आजही इथले तलाव ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात, म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव आहेत. तलावाखाली धानाची बांधी, पाळीवर देवस्थान आणि जरा वर वाडा, अशी अनेक गावांची बांधणी आहे. वाड्याचे वारस शहरात, दोन-तीन खोल्यांत एखादी म्हातारी किंवा राखणदार, बाकी दारांना कुलपं.

कामठ्याचं उदाहरण घ्या. गोंदियाजवळचं हे गाव एकेकाळी मोठ्या जमीनदारीचं ठाणं होतं. १८१८ मध्ये तिथला जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला आणि कॅप्टन गॉर्डनने ते बंड मोडलं. त्यानंतर या सगळ्या मुलखाचं मुख्यालय काही काळ कामठ्यालाच होतं, मग ते भंडाऱ्याला गेलं. जमीनदारी कोणाकडून कोणाकडे गेली, बंडात कोण कोणाच्या बाजूने होतं, कोणाला काय मिळालं, याच्या नोंदी सरकारी भाषेत आहेत; घराघरांतल्या आठवणी वेगळ्या असणार. त्या दोहोंमधली फट हीच कथेची जागा.

नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पटेल कोहळी याने बांधला असं सांगतात. भोवतालच्या टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात, या बहिणींनी कोलूला बांध घालायला मदत केली अशी समजूत आहे, आणि खुद्द कोलू ‘कोलासुर देव’ होऊन तलावाकाठी पुजला जातो. तलाव बांधणाऱ्या माणसाचा देव का झाला, आणि त्या देवाच्या नावात ‘असुर’ कसा आला? मारुती चितमपल्लींनी ‘नवेगावबांधचे दिवस’मध्ये हा परिसर पाखरांसकट टिपून ठेवला आहे. पण हा एवढा प्रश्न घेऊन कोणी चित्रकथा काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

एक पथ्य मात्र पाळावं लागेल. सालेकसा तालुक्यात दरेकशाजवळ कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे दूरदूरच्या राज्यांतून गोंड समाज येतो, कारण त्यांच्या धर्माची मूळकथा, पारी कुपार लिंगोची कथा, त्या गुहेशी जोडलेली आहे. अंधारी गुहा, दगडाने बंद झालेलं तोंड, आत अडकलेली मुलं: भयकथा लिहिणाऱ्याला मोह होईल. तो टाळावा. ज्यांची श्रद्धा जिवंत आहे त्यांच्या देवाला राक्षस करणं हा गॉथिक प्रकाराचा जुना दोष आहे. युरोपने तो परक्या देशांच्या बाबतीत वारंवार केला. ‘तुंबाड’ने हस्तर हे दैवत कल्पनेतून घडवलं, कोणाच्या देव्हाऱ्यातून उचललं नाही. तो रस्ता बरोबर होता. कचारगडची कथा गोंड चित्रकाराने आणि कथाकाराने सांगावी, त्यांना हवी तशी.

या मालिकांच्या आणि इथल्या काळाची सांगडही विलक्षण जमते. १८८०च्या दशकात गोंदियावरून रेल्वेचे रूळ गेले. त्याच दशकात टोकियोत रोकुमेइकान उभी राहिली आणि लंडनला व्हाइटचॅपलचे खून झाले. सिएल फँटमहाइव्ह ज्या वर्षी आपल्या दालनात चहा पितो, त्या वर्षी इथला मालगुजार स्टेशनवर आपला पहिला इंग्रजी पाहुणा उतरवून घेत असेल. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्य प्रांतावर आले. कोणाची कोठारं भरलेली राहिली, कोणाची शेतं तेव्हा कोणाच्या नावावर चढली, हे प्रश्न अजून गावांत दबक्या आवाजात विचारले जातात.

वाचायला सुरुवात करायची असेल तर ‘शॅडोज हाऊस’पासून करा. तिथे क्रौर्य कमी आणि कुतूहल जास्त आहे. रक्तपात सोसत असेल आणि गुंतागुंत आवडत असेल तर ‘वॅनिटास’. ‘ब्लॅक बटलर’ मोठ्या किशोरांसाठी आहे. त्यात लहान मुलांवरच्या अत्याचाराचे संदर्भ आहेत, तेव्हा पालकांनी आधी स्वतः चाळावं आणि मग मुलांशी बोलावं. जपानी मालिका झाली की योकोमिझोच्या कादंबऱ्या इंग्रजी भाषांतरात मिळतात, त्या जरूर वाचा. गावची घराणी आपल्यासारखीच वाटतात.

आणि ज्यांचा हात चित्रात चालतो त्यांना एक कळकळीची विनंती. लंडनची हवेली काढून झाली असेल तर आपल्या गावचा वाडा काढायला घ्या. त्याआधी कागद पाहा: बंदोबस्ताची मिसल, गावाचा वाजिब-उल-अर्ज, निस्तार पत्रक, जुने नकाशे. तलावाचं पाणी कोणाला, जंगलातलं लाकूड कोणाला, कोणत्या हक्काने, हे त्यांत नावानिशी लिहिलेलं आहे. भूमी अभिलेख कार्यालयात आणि काही घरांच्या पेट्यांत हे कागद अजून आहेत. वाळवी आणि ओल त्यांना फार दिवस ठेवणार नाही, म्हणून जे घरात असेल त्याचे फोटो याच उन्हाळ्यात काढून ठेवा.